ज्याची गोष्ट, त्याले बलाव

रैनूबाईच्या अंगणात बसून तिसऱ्या माणसाबद्दल बोलायची सोय नव्हती. पहिल्याच भेटीत मला त्याचा प्रसाद मिळाला. मी गडचिरोलीच्या कॉलेजात नीतिशास्त्र शिकवतो. धानोऱ्याकडच्या तिच्या गावात निर्णय कसे घेतात ते बघायला गेलो होतो. सहज बोलून गेलो, की तुमचे पाटील जरा तापट दिसतात. बाईने हातातलं सूप खाली ठेवलं आणि तरातरा निघून गेली. परतली ती पाटलांना घेऊनच. बिचाऱ्यांचा उजवा हात अजून भाताने माखलेला.

"ज्याची गोष्ट, त्याले बलाव," ती म्हणाली. "आता बोला, मास्तर."

मी पाटलांची तब्येत विचारली. आणखी काय करणार?

सत्तरीची, काटकुळी बाई. पण तिच्यापुढे गावातल्या भल्याभल्यांच्या चहाड्या घशातच राहायच्या. मला हे म्हातारीचं खूळ वाटलं होतं, कबूल करतो. वर्गात न्याय-अन्यायावर तासभर बोलणाऱ्या माणसाला ते ओळखता आलं नाही.

डोळे उघडले ते आगीच्या वर्षी. मोहाची फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला जाळायची तिकडे जुनी सवय. त्या वर्षी गावाने ठरवलं होतं, पाला झाडायचा, जाळायचा नाही. तरीही एके दुपारी डोंगराची अख्खी उतरण पेटली. तेंदूची झुडपं, बांबूची बेटं, सगळं खाक झालं. आग गावातल्याच चैतूच्या मोहांखालून निघाली असा सगळ्यांचा वहीम होता, आणि चैतू तर दुसऱ्याच दिवशी बायकोपोरांना घेऊन तेलंगणात मिरची तोडायला निघून गेलेला.

सभा बसली. मीही कोपऱ्यात होतो. चैतूला बापाकडून आलेले सात मोह काढून घ्यायचे, असं ठरत आलं. त्या सात झाडांवर त्याचं अर्धं वर्ष निघायचं. पण त्या गावात हात मोजत नाहीत. एकालाही पटलं नाही तर ठराव होत नाही. सगळ्यांनी "पटलं" म्हटलं. रैनूबाई म्हणाली, "मले नाई पटलं."

पाटील भडकले. चैतूने आग लावली नाही असं तुझं म्हणणं आहे का, असं त्यांनी विचारलं.

"त्यानंच लावली असन. मी कुठी नाई म्हणून राह्यली?" ती शांतपणे म्हणाली. "पण तो इथी नाई. नसलेल्या माणसाले आपण कायबी करू शकतो. म्हणूनच करू नये."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीत बसली. तेलुगूचा एक शब्द येत नसताना शेतोशेत विचारत फिरली आणि चौथ्या दिवशी चैतूला घेऊन आली. वाटेत त्याला काय समजावलंत, असं मी विचारलं. काहीच नाही, म्हणाली. बोलायचं ते सभेत.

सभेत चैतू आपणहून उभा राहिला. "मीच लावली. आग इझली समजून घरी आलो. मग भेव वाटला, म्हणून गेलो."

पाठीमागे मागितलेली झाडं तोंडावर मागायला कुणाचीच जीभ रेटत नव्हती. शेवटी चैतूनेच सांगितलं, यापुढे दर उन्हाळ्यात डोंगराची राखण मी करतो. सगळ्यांना पटलं. त्यात रैनूबाईचा आवाज सगळ्यात मोठा होता. मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या. त्या उतरणीला पुन्हा आग लागली नाही आणि चैतूचे मोह चैतूकडेच राहिले.

मागच्या पावसाळ्यात रैनूबाई गेली. तिच्यावर हे लिहिलं खरं, पण पंचाईत झाली. जिची गोष्ट, तिला आता बोलावणार कुठून? निदान तिच्या गावाला तरी वाचून दाखवावं म्हणून या उन्हाळ्यात कागद घेऊन सभेत गेलो. 'तापट' हा शब्द पाटलांनी हसून सोडून दिला. मी आगीपर्यंत पोचलो, चैतूचं नाव घेतलं, तोच पाटील उठले.

"थांबा, मास्तर. चैतू नाई ना इथी."

पाटलांनी पायात चपला सरकवल्या आणि त्याला बोलवायला स्वतः डोंगराकडे निघाले. मी कागद मिटला. सगळं गाव वाट बघत बसलं.