ग्राफ्ट गुडघ्यात जाईपर्यंत

ऑपरेशन थिएटरमध्ये हात अडकलेले असतात आणि तोंडं मोकळी, त्यामुळे किस्से साचतातच. नव्वदच्या दशकात गुडघ्याचं लिगामेंट नव्यानं बसवणं नगरमध्ये आम्हाला नवीनच होतं. सर मांडीमागचा दोरीसारखा टेंडन काढून द्यायचे. मी, त्यांचा ज्युनिअर, तो बाजूच्या टेबलावर खरवडून साफ करायचो, टोकांना टाके घालायचो आणि पाटावर ताणून ठेवायचो. हाच ग्राफ्ट, गुडघ्यात बसवायचा.

*

तो पाट आम्ही नागापूरच्या एका वर्कशॉपमधून स्टीलचा करून घेतला होता. नवी वस्तू पूजेशिवाय बाहेर पाठवायची त्यांची रीत नव्हती. पाट आला तो हळदकुंकू लावून, वर झेंडूचं फूल ठेवून. थिएटरच्या शिंदे सिस्टरांनी तो दोन्ही हातांनी घेतला आणि शांतपणे विचारलं, "सर, हा उकळू की ओवाळू?"

*

टाके घालताना मला बडबडायची सवय. एकदा सर वैतागले. "मास्क असो नसो, ग्राफ्ट गुडघ्यात जाईपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही!"

पुढच्याच ऑपरेशनला त्यांनी स्वतःच क्रिकेटचा स्कोअर विचारला. सिस्टरांनी नुसतं पाटावरच्या ग्राफ्टकडे बोट दाखवलं. सर पुन्हा गुडघ्यावर वाकले. मी मास्कच्या आत पोटभर हसून घेतलं.

*

मग आला मच्छिंद्र, कोपरगावकडचा कबड्डीपटू. साखर कारखान्याच्या संघात निवड झाली की नोकरी पक्की, आणि नेमका गुडघ्यानं दगा दिला. भूल कमरेखालीच, त्यामुळे गडी टक्क जागा.

"कुठल्या पायातली नस काढली, डॉक्टर?"

"याच."

"आन् मग तितं काय ऱ्हायलं?"

"जोडीदार आहेत तिथं. ते सांभाळून घेतील," सर म्हणाले.

"मंजी संघच हाय की," म्हणत तो निवांत झाला.

ग्राफ्ट तयार झाला. ओल्या गॉजमध्ये गुंडाळून मी तो पाटावर ठेवला आणि लाइट गेली. जनरेटर सुरू होऊन उजेड आला तेव्हा पाट रिकामा! पोराची नोकरी त्या गॉजमध्ये होती. सर आणि मी वाकून टेबलाखाली शोधायला लागलो.

"काय हारपलं?" छातीपाशी लावलेल्या पडद्यावरून मच्छिंद्रनं विचारलं. तोच पुढे म्हणाला, "न्हाई, या बाई कवाच्या मूठ वर करून हुब्या हायेत, म्हनून इचारलं."

अंधारात कुणाचा धक्का लागू नये म्हणून सिस्टरांनी ग्राफ्ट उचलून त्याच्या उशाशी नेला होता.

"अहो, बोलायचं ना!" सर म्हणाले.

सिस्टरांनी हनुवटीनं गुडघ्याकडे खूण केली.

*

पुढच्या वर्षी मच्छिंद्रनं आम्हाला निवडीचा सामना बघायला बोलावलं. शेवटची चढाई त्याची. तिघांनी त्याला धरलं, त्यातल्या एकानं तोच पाय. सगळं मैदान ओरडत होतं, मीही. सिस्टर मात्र गप्प, मूठ आवळून छातीशी धरलेली. तिघांना ओढत त्यानं मधल्या रेघेला हात लावला.

सर हळूच म्हणाले, "सिस्टर, आता बोललात तरी चालेल."