अण्णांची लांब नाकाची गाडी

मित्रांनो, सकाळपासून कशातच मन लागत नाही, म्हणून लिहितोय.

आमच्या भिंगारच्या घरासमोर अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, जुनी अमेरिकन गाडी उभी असायची. लांबलचक चौकोनी नाक, दारांवर लाकडासारखे दिसणारे पट्टे. शुगरमुळं अण्णांची नजर गेली आणि गाडी जागेवरच गंजली. आज शेवटी पुण्याहून दोघं जण ती विकत न्यायला आले.

अण्णा ओट्यावर बसले होते. त्यांना दिसत नाही, हे त्या दोघांना ठाऊक नव्हतं.

एक म्हणाला, "काय ध्यान आहे! शवपेटीला चाकं लावल्यासारखी दिसते."

दुसरा म्हणाला, "अरे, हीच तर ऐट आहे! आजच्या गाड्या म्हणजे साबणाच्या वड्या."

दोघं हसत हसत वाद घालत राहिले. अण्णा उठले, चाचपडत गेले आणि बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. तेव्हा कुठं त्यांना दिसत नाही, हे त्या दोघांच्या लक्षात आलं.

"न्यायची तर न्या, पन माझ्यासमोर तिला नावं ठिवू नका," अण्णा म्हणाले. मी जवळ जाऊन त्यांना हाक मारली, तेव्हा माझ्या आवाजाच्या दिशेनं वळून त्यांनी विचारलं, "तुला बी ती वंगाळ वाटायची का रं?"

मला ती गाडी कधीच आवडली नव्हती.

"न्हाई अण्णा, लई देखणी हाय," मी म्हणालो.

"मग इतक्या वर्सांत एकदा तरी म्हनायचं की," एवढंच बोलून ते आत गेले. गाडी ट्रकवर चढवली तेव्हाही बाहेर आले नाहीत. अजून जेवलेले नाहीत.

मी खरं सांगायला हवं होतं का? तुम्ही काय उत्तर दिलं असतं?