चौरंगावरची कादंबरी

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. माझा नवरा म्हणतो, आमच्या घरात चुलीला काडी लावावी लागती, बायकोला न्हाई. पण कुणी शिवी दिली तरी मला एवढा राग येत न्हाई, जेवढा 'तिसरा भाग लवकरच' ह्या तीन शब्दांचा येतो. लवकरच म्हणजे कवा? आमच्याकडं लाइट लवकरच येती, रस्ता लवकरच होतो. आता कादंबरीबी त्याच रांगेत!

मला जादूच्या अन् रहस्याच्या कादंबऱ्यांचं वेड आहे. हसनाबादला माहेरी होते तवापासून. लग्न होऊन केदारखेड्याजवळच्या ह्या वस्तीवर आले, तरी वेड काही माहेरी राह्यलं न्हाई. मी ब्लाउज शिवते अन् शिलाईचे पैसे हातात आले की फोनवरून नवं पुस्तक मागवते. कुरिअरवाला आमच्या वस्तीवर येत न्हाई. म्हणून पत्ता देते नवऱ्याच्या कारखान्यासमोरच्या चहाच्या टपरीचा. तो जालन्याला एमआयडीसीत लोखंडाच्या कारखान्यात कामाला जातो. पुस्तक टपरीवर उतरतं अन् त्याच्या डब्याच्या पिशवीतून घरी येतं. त्यामुळं माझ्या सगळ्या पुस्तकांना थोडा थोडा लोणच्याचा वास आहे.

एकदा थंडीच्या दिवसांत मी ओसरीवर वाचत बसले होते. सासरे, म्हणजे आमचे मामा, समोर बाजेवर. जवानीत ते मेंढरं घेऊन मुलूखभर हिंडले, आता थोडी शेती बघतात. अक्षर ओळखत न्हाईत, पण गोष्टीचा वास त्यांना लांबून येतो.

"काय वाचून राह्यली गं?"

"गोष्ट आहे, मामा. एका राज्यात माणसांच्या सावल्या चोरीला जायला लागल्यात."

"चोरतंय कोण?"

"तेच तर कळून न्हाई राह्यलं."

"मंग मोठ्यानं वाच की. एकटीच काहून खाती?"

मी मोठ्यानं वाचायला लागले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या दोन बायका मटार सोलायचं निमित्त करून आल्या. तिसऱ्या दिवशी निमित्तबी लागलं न्हाई. दिवेलागणीला ओसरी भरायची. पहिला भाग असा संपला अन् दुसरा सुरू करायच्या दिवशी मामांनी जे केलं, तिथून हे सगळं रामायण घडलं.

आमच्या ओसरीवर दरसाल श्रावणात पोथी बसती. मामांच्या वडलांपासूनचा रिवाज. एक चौरंग आहे जुना, त्यावर लाल बासनात पोथी. शेजारचे एक म्हातारे बाबा वाचणार अन् मामा अर्थ सांगणार. बाबांचा घसा बसंल तिथं त्या दिवशीचं वाचन थांबायचं. कायदा एकच: चौरंगावर जे बसलं, ते समाप्ती झाल्याबिगर उठवायचं न्हाई. समाप्ती म्हणजे नारळ, आरती, परसाद. मगच चौरंग मोकळा.

तर मामांनी काय करावं? दुसरा भाग मांडीवर घेऊन वाचताना माझी मान दुखती, हे त्यांनी पाहिलं. आत गेले, चौरंग आणला, फुंकर मारून पुसला अन् माझं पुस्तक त्यावर ठेवलं. वर हळदीकुंकू! मला हसू आलं. मी म्हणलं, "मामा, ही काय पोथी हाय का?" ते म्हणले, "जिच्यापायी चार माणसं गप बसतात, ती पोथीच." मला लई बरं वाटलं. मी लगेच वाचायला लागले.

मामा अर्थबी सांगायला लागले. म्हणजे मी वाचायची, 'राणीच्या बहिणीनं पाण्याखालच्या महालात पाऊल टाकलं', अन् ते सांगणार, "म्हणजे बघा, पाऊल टाकलं, पण सावली मागंच राह्यली. ध्यानात ठिवा, पुढं कामाला येईल." अन् खरंच पुढं कामाला यायचं. आमच्या सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणते, त्या आतूनच ऐकायच्या. बाहेर येत न्हाईत, पण फोडणीचा आवाज नेमका रंगात आल्यावर बंद व्हायचा. एरवी तोंडानं म्हणायच्या, "भुताखेताची पुस्तकं! घरात लक्ष्मी टिकंल का?"

होळीच्या आसपास दुसरा भाग संपला. शेवट काय होता सांगू? राणीची बहीण सातवं दार उघडती. आत सावल्यांचा चोर पाठमोरा उभा. ती मशाल वर करती, तो वळतो, अन् चेहरा पाहून तिच्या हातातली मशाल गळून पडती. बस! दुसरा भाग समाप्त.

ओसरीवर सगळ्यांच्या माना पुढं आल्या. मंग एक बाई म्हणली, "अगं बया, चेहरा कुणाचा?"

"तिसऱ्या भागात कळंल," मी म्हणलं.

"मंग आण की तिसरा."

"तो अजून लिहून व्हायचाय."

मामा ताठ बसले. "म्हणजे लिहिलीच न्हाई अजून? अन् आपुन वाचायला बसलो?" त्यांच्या जन्मात असं घडलं नव्हतं. पोथी म्हणजे कवाच लिहून झालेली, शेवट सगळ्यांना पाठ. अर्धी लिहून लोकांना ताटकळत ठेवणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच ऐकला. मी पुस्तक उचलायला हात घातला, तर त्यांनी माझा हात धरला. "समाप्ती झाली का?"

"न्हाई, पण मामा..."

"मंग हात लावू नको."

अन् त्यांनी ते लाल बासनात बांधलं. माझं पुस्तक, माझ्या शिलाईचं, लोणच्याच्या वासाचं, देव्हाऱ्याशेजारी चौरंगावर जाऊन बसलं.

उन्हाळाभर लोकांनी गंमत केली. मी रोज फोन उघडून बघायची. 'लवकरच.' मंग तिसऱ्या भागाच्या मुखपृष्ठाचं चित्र टाकलं छापणाऱ्यांनी, पाठमोरा माणूस अन् त्याला सावली न्हाई. मी ते ओसरीवर सगळ्यांना दाखवलं. अर्धा तास त्या पाठीवर चर्चा! कुणी म्हणलं, हा नावाडी, खांदे बघा. कुणी म्हणलं, राजाचा भाऊ. आत्याबाई आतून वरडल्या, "वैद्य हाय तो! वैद्याची पाठ अशीच असती!" मंग त्यांना आठवलं की आपुन ऐकत न्हाई, अन् भांडी आपटायला लागल्या.

पण आषाढ लागला अन् गंमत संपली. श्रावण तोंडावर आला. पोथी कुठं बसणार? चौरंग अडकलेला.

"उचला ते पुस्तक," आत्याबाईंनी सरळ सांगितलं.

"अर्ध्या पोथीवर दुसरी बसत नसती," मामा म्हणले. "बापानं शिकवलंय. मी मोडणार न्हाई."

दुसरा चौरंग आणायचाबी विचार निघाला, तर तोबी चालंना. एका घरात दोन पोथ्या उघड्या ठेवत न्हाईत म्हणे. मंग वस्तीत कुजबूज सुरू झाली की यंदा पोथी दुसऱ्या घरी बसवावी. हे मामांच्या कानावर गेलं. त्या दिवशी ते जेवले न्हाईत. वडलांपासूनचा मान त्यांच्या हयातीत घरातून जायला निघाला होता, अन् तोबी माझ्या कादंबरीपायी. मला रात्रभर चैन पडलं न्हाई. आत्याबाई सकाळी म्हणल्या, "श्रावणाच्या पहिल्या दिवशी पोथी ह्या घरात बसली न्हाई, तर तुझी सगळी पुस्तकं रद्दीत. बिलकुल ठेवणार न्हाई एकबी." मी उलटून बोलणार होते. पण त्यांचे डोळे भरले होते, म्हणून मशीनवर जाऊन बसले.

अन् अशातच फोन वाजला. तिसरा भाग निघाला! मी शिलाई मशीनवरून अशी उठले की सुई मोडली. पैसे आधीच भरून ठेवले होते. आता टपरीवर कवा उतरतं, एवढंच. मी नवऱ्याला रोज विचारायची, तो रोज मान हलवायचा. एका संध्याकाळी तो गाडी लावून आला, डब्याची पिशवी मागं लपवून. तोंडावर असं हसू की मला सगळं कळलं.

"दे."

"आधी चहा."

"आधी दे, न्हाईतर चहा डोक्यावर ओतीन."

पुस्तक विटेएवढं जाड. मी ते छातीशी धरलं अन् मला रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू. मंग हा माणूस म्हणतो, "जेवणाच्या सुट्टीत मी शेवटचं पान वाचलं. सांगू का चोर कोण?" मी लाटणं उचललं. "तोंड उघडलंस तर भाकर बंद. कायमची." तो ओठ मिटून अंगणात पळाला. मामा बाजेवर पोट धरून हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

दिव्याच्या अवसेपर्यंत समाप्ती व्हायला पाहिजे होती, कारण दुसऱ्या दिवशी श्रावण. हातात थोडेच दिवस, अन् पुस्तक हे एवढं! मामांनी हुकूम काढला: संध्याकाळी वाचायचं, दुपारीबी वाचायचं, पण एकटं पुढं वाचायचं न्हाई. कुणीच न्हाई. मीबी न्हाई! माझं पुस्तक, माझे पैसे, चार महिन्यांची माझी वाट, अन् ते माझ्यापासून चार हातांवर बासनात बांधलेलं. शिवण शिवताना मी त्या लाल कापडाकडं बघत राहायची. वासराला गाय दिसावी अन् दावं सुटू नये, तसं झालं होतं माझं. मामा माझ्याकडं बघून मिशीत हसायचे.

काय वाचन झालं ते! बायकांनी माझं शिवणाचं अन् पाण्याचं काम वाटून घेतलं, मी फक्त वाचायचं. घसा बसला तर गरम पाणी हजर. नावाड्यावर संशय आला तवा अर्धी ओसरी "म्हणलं न्हाई का!" करून उठली. दोन पानांनी नावाडी मेला, तर त्याच बाया पदरानं डोळे पुसून राह्यल्या. राजाचा भाऊ सुटला, वैद्य सुटला. आत्याबाई आता उंबऱ्यावर बसायच्या, मंग उंबऱ्याच्या अलीकडं, अन् शेवटी शेवटी माझ्या गुडघ्याला गुडघा लावून.

दिव्याच्या अवसेला घरातले सगळे दिवे घासून, उजळून ओसरीवर मांडले होते. त्या उजेडात मी शेवटचं प्रकरण काढलं. सातवं दार. मशाल. तो वळतो. अन् चेहरा कुणाचा? राणीला जिनं अंगावर पाजलं, त्या दाईचा, पुरुषाच्या वेशात! पहिल्या भागापासून ती प्रत्येक सावलीला जोजवत होती, अन् आम्ही त्याला माया समजत होतो.

जो गलका झाला! मामा तर टाळ्या वाजवायला लागले. "आई शप्पत, डोळ्यासमोर होती!" आत्याबाई शांतपणे म्हणल्या, "मला पहिल्यापासून माहीत होतं." सगळी ओसरी हसली. मामांनी नारळ फोडला, आरती झाली अन् कणकेचे गोड दिवे परसाद म्हणून वाटले. मंग मामांनी स्वतःच्या हातानं पुस्तक उचललं, कपाळाला लावलं अन् माझ्या हातात दिलं. चौरंग मोकळा झाला. पोथी आमच्याच घरात बसणार होती.

दुसऱ्या दिवशी ओसरी गच्च भरली. बाबा आले, पण त्यांच्या डोळ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, डॉक्टरनं वाचायला मनाई केली होती. सगळे एकमेकांकडं बघायला लागले. इतक्या वर्षांत पोथी वाचायला त्या चौरंगासमोर बाई बसली नव्हती. कुणीतरी मागून म्हणलं, "जालन्याहून एखादा वाचणारा बोलवा."

तवा आत्याबाई उठल्या. "काहून? घरात वाचणारी हाय ना. तिला वाचताबी येतं अन् कुठं थांबावं तेबी बराबर कळतं." अन् माझ्याकडं वळून, "बस गं. पदर घे अन् बस."

बाबा म्हणले, "बस पोरी." मामांनी चौरंग माझ्याकडं सरकवला.

सुरवातीला आवाज बारीक निघाला. पण पहिल्या चार ओळी गेल्या अन् आवाज सापडला. पोथी तीच, दरसालची. देव तोच, राक्षस तोच. पण मला दुसरं वाचायला येतच न्हाई, मी जशी सातव्या दारापाशी पोचले होते तशीच वाचत गेले. राक्षस दाराशी आला. आत लेकरू एकटं. कडी वाजली. ओसरीवर चिटपाखरू हलत न्हाई. दार करकरलं, अन्...

मी पोथी मिटली. बासन बांधायला घेतलं.

आत्याबाईंनी माझं मनगट धरलं. चाळीस एक श्रावण ऐकलेली, ओवी न ओवी तोंडपाठ असलेली ती बाई, डोळे मोठे करून, पुढं झुकून मला म्हणली, "अगं, मंग? पुढं काय झालं?"

"उद्या," मी म्हणलं.