जावयाचा पिवळा गुडघा

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला ताई आणि भाऊजी मेलबर्नहून आमच्याकडे सिंगापूरमध्ये यिशुनला आले, तेव्हा आईची एकच अडचण होती. जावई काय करतात हे लोकांना कसं सांगायचं?

"जावई काय करतात?"

"खेळतात."

"हो, पण नोकरी?"

"तीच नोकरी आहे."

फुटबॉल म्हटलं की ऐकणारा खूश व्हायचा आणि वर्ल्ड कपबद्दल बोलू लागायचा. मग आईला म्हणावं लागायचं की तो नाही, यांचा वेगळा, ऑस्ट्रेलियातला. पुढचं समजावणं बाबांकडे यायचं. बाबा जहाजावर चीफ इंजिनियर होते आणि तेव्हा दोन कॉन्ट्रॅक्टच्या मधल्या सुट्टीवर घरी होते. फराळाला आलेल्या त्यांच्या जहाजावरच्या मित्राला त्यांनी सांगितलं, "अठरा-अठरा माणसं. बॉल पपईसारखा. तो हवेत असताना दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून उडी मारायची आणि वरच्यावर झेलायचा. आमचे जावई उडी मारणाऱ्यांपैकी."

"म्हणजे सर्कस," काका म्हणाले.

"पगारी सर्कस," बाबा म्हणाले.

भाऊजींना मराठी कळत नव्हतं, पण आपल्याबद्दल चाललंय हे कळत होतं. ते सगळ्यांबरोबर हसले आणि सोफ्यावरून उठले. ते सारखे उठत. आमचा तीन खोल्यांचा फ्लॅट त्यांना पुरत नव्हता. हॉलमधून कॉरिडॉरमध्ये, कॉरिडॉरमधून लिफ्टपर्यंत, परत. टीव्ही बघतानासुद्धा हातात तो लांबट बॉल असायचा. एका तळव्यावर तो धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ते त्याला ठोसा मारत, बॉल भिंतीवर आपटून परत येई. खालच्या मजल्यावरच्या चिनी आजींनी दार वाजवून विचारलं, तुमच्याकडे काही दुरुस्ती चालू आहे का.

मी त्यांना समोर काहीच म्हणत नसे. ताईने लग्नाआधीच बजावलं होतं, मेहुणीने भाऊजींची थट्टा करायची असते, तू नुसती बघत बसू नकोस. पण मला बघत बसणंच जमायचं. आंग मो किओतल्या एका इलेक्ट्रॉनिक्स कंपनीत मी नुकतीच लागले होते. तिथलं माझं काम सर्किट बोर्डावर कुठला सांधा नीट बसला नाही ते भिंगातून शोधण्याचं होतं. दिवसभर तेच करून घरी आलं, तरी डोळे तसेच राहत.

त्यांच्या उठण्याबसण्यामागचं कारण ताईने आम्हाला सांगितलं होतं. सीझन संपला की क्लब पुढच्या वर्षासाठी खेळाडूंची यादी नक्की करतात. भाऊजींचं कॉन्ट्रॅक्ट संपलं होतं, नवीन अजून मिळालेलं नव्हतं. दिवाळी संपता संपता क्लबच्या डॉक्टरकडे तपासणी, आणि त्यावर ठरणार की ते यादीत राहणार की नाही. त्यांचं वय सव्वीस होतं. या खेळात सव्विसाव्या वर्षी एकदा सुटलेला माणूस सहसा परत घेतला जात नाही, असं ती म्हणाली. नोकरी सोडून ती त्यांच्या शहरात राहायला गेली होती, तेव्हा तिचंही सगळं त्या यादीवरच होतं.

"पण तो फिट आहे," ती म्हणाली. "मे महिन्यात गुडघा दुखावला होता, तो कधीच बरा झाला."

धनत्रयोदशीच्या सकाळी भाऊजींनी मला विचारलं, ब्लॉकमागच्या मैदानावर येशील का, बॉल फेकायला कोणीतरी हवं आहे. ताई झोपली होती. मी गेले. त्यांनी मला उभं केलं आणि बॉल उंच फेकायला सांगितलं. माझे पहिले काही त्यांच्या आसपासही गेले नाहीत. त्यांनी ते मुकाट्याने गोळा केले. मग एक बरा गेला आणि ते उडाले.

मी आजवर कोणाला इतक्या जवळून इतकं उंच गेलेलं पाहिलं नव्हतं. बॉल त्यांच्या हातात गेल्याचा आवाजही फारसा झाला नाही. पण मी बघत होते त्यांचं खाली येणं. ते उजव्या पायावर उतरत. डावा पाय टेकायचा तो शेवटी, आणि टेकवल्या टेकवल्या ते पुढे दोन ढांगा धावत, म्हणजे धावण्याच्या ओघात तसं झालं असं वाटावं. प्रत्येक वेळी तसंच.

परतताना लिफ्टमध्ये ते म्हणाले, "तू फार बोलत नाहीस."

मी मान हलवली.

"चांगलं आहे," ते म्हणाले. लिफ्ट येईपर्यंत त्यांनी बॉल काखेत दाबून धरला होता, आता तो दुसऱ्या काखेत घेतला.

नरक चतुर्दशीला आईने दिवाळसणाची सगळी तयारी मांडली. पाट, रांगोळी, चांदीची वाटी, तेल, उटणं. जावयाला पाटावर बसवून तेल लावायचं, मग आंघोळ, मग औक्षण. ताईने भाऊजींना विमानातच शिकवून ठेवलं होतं की आमच्या घरी सासूला नाही म्हणायचं नसतं. भाऊजी पाटाशी आले, खाली वाकले, आणि बसले ते डावा पाय सरळ पुढे पसरून.

"मांडी घालायला सांग त्यांना," आई म्हणाली.

"जमत नाही त्यांना, आई. गोऱ्यांना नाही जमत," ताई म्हणाली.

"लग्नात तर होमासमोर तासभर बसले होते."

आई तेलाची वाटी घेऊन पुढे झाली आणि गुडघ्याशी थांबली. तिने तो गुडघा बोटांनी चाचपला. मग दुसरा चाचपला. "अहो," तिने बाबांना हाक मारली, "हा बघा केवढा सुजलाय."

भाऊजी इंग्रजीत म्हणाले की काही नाही, जुनं आहे, विमानप्रवासाने होतं. आईला ते कळलं असेल किंवा नसेल. ती स्वयंपाकघरात गेली आणि लेप उगाळायला बसली. सूज म्हणजे आंबेहळद, यात आमच्या घरात कधी दुमत नव्हतं. बाबांच्या प्रत्येक जहाजाच्या सामानात तिची पुडी जायची. या वेळी पुडीत थोडीच उरली होती, म्हणून आईने डब्यातली स्वयंपाकाची हळद घातली, चांगली सढळ हाताने. लेप गरम करून गुडघ्यावर थापला आणि वर जुन्या सुती साडीची पट्टी बांधली.

"बरं वाटतंय?" तिने विचारलं.

"खूप छान, आई," भाऊजी म्हणाले. ताईने शिकवलेले तीन शब्द. आई एवढी खूश झाली की तिने पट्टी दिवसभर काढू दिली नाही. संध्याकाळी पुन्हा ताजा लेप लावला आणि सांगितलं, आता उद्या सकाळीच सोडायची.

सकाळी पट्टी सोडली. सूज थोडी उतरली होती. पण मांडीच्या अर्ध्यापासून नडगीच्या अर्ध्यापर्यंत पाय पिवळाधमक झाला होता. साबणाने रंग गेला नाही. भाऊजींची कातडी अशी गोरी की रंग आमच्यापेक्षा दुप्पट उठला होता.

आई हसत होती. "दोन-चार आंघोळींत जाईल."

भाऊजी हसत नव्हते. ते ताईला म्हणाले, "परवा तपासणी आहे."

"मग असू दे की. हळद आहे म्हणून सांग."

"मी क्लबला सांगितलंय की गुडघ्याला काही झालेलं नाही. हे बघितल्यावर डॉक्टर इथेच हात घालणार."

ताईने त्यांच्याकडे बघितलं. "म्हणजे बरा झालेला नाही?"

ते दोघं खोलीत गेले. आमच्या फ्लॅटच्या भिंती पातळ होत्या. ताईचा आवाज चढत नव्हता, तेच वाईट होतं. ती म्हणत होती की मला का नाही सांगितलंस. ते म्हणत होते की तुला सांगितलं असतं तर तू काळजी केली असतीस. मग ती म्हणाली, आता काय करतेय मी? आई चकल्यांचा डबा उघडत होती, बंद करत होती.

भाऊजी बाहेर आले आणि थेट बाथरूममध्ये गेले. लिंबू मागितलं. मग खायचा सोडा मागितला. आई दाराबाहेरून एकेक वस्तू देत होती आणि मला विचारत होती, "नेमकं काय झालंय गं? रागावलेत का माझ्यावर?" मी तिला म्हटलं, "तुझ्यावर नाही, आई." एवढंच. बाकीचं सांगणं ताईचं होतं.

शेवटी बाबा एक डबा घेऊन आत गेले. जहाजावर इंजिन रूममध्ये हातावरचं ग्रीस काढायला असते ती वाळूसारखी खरखरीत पेस्ट. दार उघडंच होतं. भाऊजी टबाच्या काठावर बसलेले, बाबा खाली स्टुलावर, आणि जावयाचा पाय सासऱ्याच्या मांडीवर. बाबा घासत होते. पिवळा गुडघा लाल झाला आणि मग नारिंगी.

घासता घासता बाबांनी अंगठा गुडघ्याच्या आतल्या बाजूला दाबला. भाऊजींनी श्वास आत ओढला.

"हं," बाबा म्हणाले. जहाजावरच्या त्यांच्या तुटक इंग्रजीत ते बोलू लागले. "प्रत्येक कॉन्ट्रॅक्टआधी मेडिकल. मी दोनदा आदल्या दिवशी जास्तीची गोळी घेऊन बीपी लपवलं. पास झालो. तिसऱ्या वेळी भर समुद्रात इंजिन रूमच्या शिडीवर चक्कर आली. खालच्या फिटरने धरलं."

"मग?"

"मग सहा महिने घरी. तुझ्या सासूला विचार, किती त्रास दिला मी." त्यांनी पेस्टचं झाकण लावलं. "मी शिडीवर होतो. तू तर हवेत असतोस."

"दुसरं काही येत नाही मला," भाऊजी म्हणाले. हे त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. बाबांनी टॉवेल घेतला आणि पाय पुसून दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना सोडायला एअरपोर्टवर गेले. ताई बॅगा घेऊन काउंटरच्या रांगेत होती. भाऊजी खांबाला टेकून उभे होते. म्हणजे टेकायचे, सरळ व्हायचे, पुन्हा टेकायचे. फुल पँट घातली होती, त्यामुळे काही दिसत नव्हतं.

"त्या दिवशी मैदानावर," ते म्हणाले, "तू पाहिलंस ना?"

मला वाटलं नाही म्हणावं. नाही म्हणणं सोपं होतं, आणि त्यांना तेच हवं असेल असंही वाटलं.

"तुम्ही एकाच पायावर उतरता," मी म्हटलं. "प्रत्येक वेळी. मला काही कळत नाही खेळातलं, तरी मला दिसलं."

ते म्हणाले, "मग त्यांनाही दिसेल, लाह." इथले लोक वाक्याच्या शेवटी लावतात तो 'लाह' त्यांना आल्यापासून फार आवडला होता आणि कायम चुकीच्या ठिकाणी लागायचा. मी हसले नाही. ते हसले, पण थोडंच.

आठवडाभराने ताईचा फोन आला. आई, बाबा आणि मी एकाच रिसीव्हरला कान लावून उभे होतो. डॉक्टरने पँट वर करायला सांगितली, रंग बघितला आणि विचारलं, हे काय. सासूबाईंनी लावलं, भाऊजी म्हणाले. का लावलं? तेव्हा त्यांनी सांगून टाकलं. मे महिन्यापासूनचं सगळं. डॉक्टरने शांतपणे ऐकून घेतलं, ऑपरेशन लागेल म्हणाला. क्लबने ऑपरेशन करून द्यायचं मान्य केलं. यादीत ठेवलं नाही.

आई खुर्चीवर बसली. "माझ्या हळदीमुळे?"

"नाही गं आई. हळद नसती तरी त्याला उडी मारूनच दाखवायची होती तिथे."

"पण विचारलं ते हळदीमुळेच ना?"

खोटं बोलणं ताईला कधी जमलं नाही. ती म्हणाली, "तो म्हणतो, कोणीतरी विचारायलाच हवं होतं."

आईने हे बाबांकडे बघून मनात दोनदा घोळवलं असावं. बाबा म्हणाले, "त्याला म्हणावं, कॉन्ट्रॅक्ट संपलं की माणूस घरी येतो. इथे या दोघं."

"ऑपरेशन झाल्यावर बघू, बाबा."

"आता काय करतायत ते?" आईने विचारलं.

ताईने रिसीव्हर लांब धरला असावा. लाकडी जमिनीवरून कोणीतरी चालत जात होतं, थांबत होतं, वळून परत येत होतं.

"चालतोय," ताई म्हणाली. "बाकीचे सगळे आज प्रॅक्टिसला गेलेत. सकाळपासून असाच चालतोय, बस म्हटलं तरी बसत नाही."