भरदुपारचा दिवा

जयपूरला बदली झाली त्या उन्हाळ्यात मी बायकोची अंगठी आणायला जोहरी बाजारात गेलो. रिवाजाप्रमाणे चपला पायरीवर काढून गादीवर बसलो. म्हातारा सराफ खडा उजेडात फिरवून दाखवत होता, तेवढ्यात धुळीची आंधी आली आणि दुकानात अंधार झाला. मदत म्हणून मी कोनाड्यातला दिवा पेटवला.

त्याने झडप घालून तळहातानेच ज्योत विझवली.

"बाबूजी, इथं दिवसा दिवा लावला की सेठचं दिवाळं निघालं म्हणतात," तो म्हणाला. "कोर्ट निदान अर्ज मागतं, चौकशी करतं, धंद्याची अवजारं तरी जप्तीतून सोडतं. बाजार नुसता दिवा बघतो."

पोळलेला हात पोटाशी धरून तो समोरच्या दुकानांकडे बघत राहिला.

धूळ बसली तेव्हा त्याच दुकानांतले तिघे व्यापारी आत आले. त्यांनी चपला काढल्या नाहीत.