लोरेनने न विचारता सांगितलं

लोरेन दिवसातून तीनदा टेबलाचा खालचा खण उघडायची, डबीतलं कातडीला लावायचं पिवळसर लोणी कोपरांना आणि हातांना चोळायची आणि मगच पुढचा शब्द बोलायची. तोवर समोर ताटकळत बसलेली असायची ती मी. दोन हजार तीन साली जर्सी सिटीतल्या एका विमा कंपनीत मला तिचं काम शिकून घ्यायला पाठवलं होतं. सहा आठवड्यांत मी शिकायचं आणि मग तिने घरी जायचं, असा सरळ हिशोब. बावीस वर्षं सांभाळलेली कॉम्प्युटर सिस्टिम माझ्या हवाली करताना पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "तू विचारशील त्याचं उत्तर देईन. जे विचारणार नाहीस, ते सांगणार नाही."

मला ती मुळीच आवडत नव्हती, हे आधीच सांगून टाकते. तिलाही मी आवडत नव्हते आणि तिने ते कधी लपवलं नाही. गुड मॉर्निंग म्हटलं की ती घड्याळाकडे बघायची. पन्नाशी उलटलेली, उंच, काळीभोर बाई. टेबलावर छोटा पंखा, तो भर जानेवारीतही चालू. गालांच्या हाडांवर जाड मेकअप असायचा आणि संध्याकाळपर्यंत तो विरला की खाली निळसर काहीतरी दिसायचं. नवरा हात उचलत असेल, असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं आणि खरं सांगायचं तर मला तिची दयाही आली नव्हती.

महिनाअखेरीला ग्राहकांची पत्रं छापलीच गेली नाहीत. आधी एक फाइल हाताने हलवावी लागते, हे मला ठाऊकच नव्हतं. मॅनेजरने मला सगळ्यांसमोर झापलं. मी तणतणत तिच्याकडे गेले. "तुम्ही मला हे सांगितलं का नाही?"

"तू रोजचं काम विचारलंस. महिनाअखेरीचं विचारलं नाहीस." एवढं बोलून तिने डबी उघडली.

मी तिथेच उभी राहून नितीनला, माझ्या नवऱ्याला, फोन लावला. "ही काळी मला मुद्दाम छळतेय रे. व्हिसा जाईल माझा हिच्यापायी!"

लोरेनने स्क्रीनवरून नजर हलवली नाही. "तुझी भाषा मला येत नाही," ती म्हणाली. "पण तो आवाज मी लहानपणापासून ओळखते."

मला पाचवा महिना चालू होता. लग्नाच्या बायोडेटात मला गव्हाळ लिहिलं होतं. मी सावळी होते. आता गालांवर आणि कपाळावर वांग उमटलं होतं, मानही काळवंडली होती. इमारतीतल्या पाटीलकाकू भेटल्या की म्हणायच्या, "अगं, बारशाच्या फोटोत कशी दिसशील? काहीतरी लाव बाई." आईने नागपूरहून येणाऱ्या कुणाबरोबर तरी गोरं करणाऱ्या क्रीमच्या ट्यूब पाठवल्या होत्या, औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतात त्या. घरी दोनदा आणि दुपारी ऑफिसच्या वॉशरूममध्ये एकदा, अशी मी नेमाने लावत होते.

एका दुपारी मी आरशासमोर असताना लोरेन आत आली. घामाने निथळत होती. तिने मानेवर गार पाणी मारलं, माझ्याकडे पाहिलं आणि न विचारता ट्यूब माझ्या हातातून काढून घेतली. बारीक अक्षरं वाचायला तिने चष्मा कपाळावर सरकवला.

"किती दिवस लावतेयस?"

"दोन महिने."

"डॉक्टरला विचारलंस?"

"आमची स्किन वेगळी असते," मी म्हणाले.

तिने आपला हात माझ्या हाताशेजारी धरला. मला वाटला होता तेवढा फरक नव्हता. मला राग आला तो त्या हाताचा आला, ट्यूबचा नव्हे. मग तिने ओला कागद घेतला आणि स्वतःचा गाल खसाखसा पुसला. डोळ्यांखाली निळेकाळे, खडबडीत ठिपके होते. मार नव्हता तो.

"तू हे विचारलेलं नाहीस. तरी सांगते," ती म्हणाली. "तेराव्या वर्षी मुरमं आली, गेली, पण डाग वर्षभर राहिले. थोरल्या मुलाच्या वेळी तुझ्यासारखाच मुखवटा चढला. बाळंतपणानंतर तो उतरला असता. मला धीर नव्हता. मी ब्लीच लावलं, सात वर्षं. त्याने हे केलं आणि हे उतरत नाही. आता पाळी गेली, तर ही कातडी राखेसारखी कोरडी पडते, अंग भाजतं. शरीर बदललं की आपल्या कातडीवर ते लिहिलं जातं. खोडायला गेलीस तर कागद फाटतो." ट्यूब तिने बेसिनवर ठेवली. "ह्यात ब्लीच आहे आणि स्टेरॉइडही. तुझ्या पोटात मूल आहे."

"माझं मी बघून घेईन," मी म्हणाले. खरंच असंच म्हणाले.

चार दिवसांनी डॉक्टरांपुढे ट्यूब ठेवली. त्यांनी ती तिथल्या तिथे कचऱ्याच्या डब्यात टाकली. उन्हात टोपी घाल, बाकी बहुधा आपोआप उतरेल, म्हणाल्या. "वेळेवर आणलीस. कुणी सांगितलं?"

"मीच वाचलं," मी म्हणाले.

लोरेनच्या शेवटच्या दिवशी निरोपाचा केक नव्हता. पावणेपाचला तिने पंखा आणि डबी खोक्यात भरली. सहा आठवड्यांत न सुचलेला प्रश्न मला तेव्हा सुचला. "मी विचारलं नाही, असं अजून काही आहे?"

"पुष्कळ आहे," ती म्हणाली. खोकं उचललं. "त्यातलं सांगण्यासारखं होतं ते सांगून झालंय."

ती गेली. थँक यू माझ्या तोंडात होतं, तिथेच राहिलं.

त्या वर्षात सिस्टिम चारदा बंद पडली आणि चारही वेळा मी तिला शिव्या घातल्या. मुलगी सहा महिन्यांची झाली तोवर माझे गाल साफ झाले. बारशाच्या फोटोत मात्र वांग ठसठशीत आहे. मुलगी आता चार वर्षांची आहे, माझ्यापेक्षा सावळी. परवा तो फोटो बघताना तिने विचारलं, "मम्मा, व्हॉट्स दॅट ऑन युअर फेस?"

"तू पोटात होतीस ना, त्याचं आहे ते."

"डिड यू वॉश इट ऑफ?"

"नाही. लोरेन नावाच्या एका बाईने मला पुसू दिलं नाही," मी म्हणाले. तिचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा कुणाला सांगितलं.