रागावलात का, सर?

काल सकाळी मी नागपूरच्या शाखेतल्या वैशालीताईंना ईमेल पाठवली : ‘यादी अजून मिळाली नाही. आज पाठवा.’ पाचच मिनिटांत त्यांचा फोन आला.

“सर, रागावलात का हो माझ्यावर?”

मी चाटच पडलो. चहाचे घोट घेत, अगदी मजेत लिहिलं होतं मी ते.

“अहो, मुळीच नाही!”

“शेजारच्या मॅडमनाही दाखवली मी मेल. त्याही म्हणाल्या, सर चिडलेत. एखादा हसरा चेहरा तरी टाकायचा ना!”

ऑफिसच्या पत्रात ते पिवळे चेहरे मला पोरकट वाटायचे. पण समोर बसून बोलताना आपण निम्मं तर भुवयांनी आणि मानेनंच सांगतो. माझा चेहरा पुण्यात राहिला आणि नागपूरला गेली ती नुसती दोन कोरडी वाक्यं. साधा ‘नमस्कार’सुद्धा त्यांच्यासोबत नव्हता.

मी पुन्हा लिहिलं, ‘वैशालीताई, नमस्कार. यादी सवडीनं पाठवा.’ मग कुणी बघत नाही ना याची खात्री करून शेवटी एक हसरा चेहरा टाकला.

संध्याकाळी यादी आली. तिच्यात दोन चुका होत्या. त्या मात्र मी फोन करून, हसत हसत सांगितल्या.